तंदूरखान्यातली मुलाखत

कुवेतमध्ये, सबाह अल-सालेम भागात, आमच्या इमारतीमागच्या गल्लीत खुबूसची, म्हणजे इथल्या रोटीची, एक भट्टी आहे, आणि तिथे बायका रांगेत उभ्या राहत नाहीत. संध्याकाळी पुरुषांची रांग पार्क केलेल्या गाड्यांपर्यंत गेलेली असते. कुणी पांढऱ्या पायघोळ दिशदाशात, कुणी कंपनीच्या युनिफॉर्मात. बाई आली की ती सगळ्यांना ओलांडून थेट खिडकीपाशी जाते आणि भट्टीतून निघणारी पुढची गरम रोटी तिची असते. कुणी कुरकुरत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मी शाळेत असल्यापासून असंच चालत आलेलं पाहते आहे.

आई हा मान पुरेपूर वसूल करते. ती इथल्या एका इस्पितळात नर्स आहे. ड्युटी संपवून, पायांतल्या त्याच पांढऱ्या बुटांनी ती रांगेच्या कडेने अशी चालत जाते, जणू वॉर्डचा राउंड अजून चालूच आहे. मला मात्र तो मान नको असायचा. एवढ्या माणसांसमोरून पुढे जायचं म्हणजे सगळे आपल्याकडेच बघणार. खिडकीपाशी पोचेपर्यंत माझा आवाज घशातच बसलेला असायचा. त्यात भट्टीतल्या गॅसची घरघर.

"ऐकू नाही आलं, बेटी," भट्टीवाले चाचा दर वेळी म्हणायचे आणि खिडकीतून वाकून कान पुढे करायचे. मी पुन्हा सांगायचे. मग ते हसून आईला म्हणायचे, "सिस्टर, ही बोलते की नुसते ओठ हलवते?"

"घरात बोलते," आई म्हणायची. "म्हणजे, मनात असलं तर."

आई चिपळूणची. तिला भाजीवाल्यापासून मुदीरपर्यंत, म्हणजे इस्पितळातल्या मोठ्या साहेबांपर्यंत, कुणाशीही पहिल्या भेटीत घरचं विचारता येतं. तशीच तिने चाचांची माहिती काढली होती. ते अफगाणिस्तानचे. लहानपण पेशावरला निर्वासितांच्या वस्तीत गेलं, त्यामुळे उर्दू छान. कुवेतला येऊन इतकी वर्षं झाली की त्यांची दाढी इथेच पिकली. बायको आणि दोन मुली तिकडे गावी, मोठ्या भावाच्या घरात. त्यांना इकडे आणायची सोय त्यांना कधी मिळाली नाही.

एका संध्याकाळी खिडकीशी गर्दी नव्हती. चाचा कणकेच्या गोळ्यावर बोटं रोवत होते. माझ्या गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच होतं. शर्क भागातल्या एका शिपिंग कंपनीत मी नोकरी करते. माझं काम ईमेलवर चालतं, आणि मला ती नोकरी आवडते यामागे हेही एक कारण आहे. चाचांनी कार्डाकडे बघत आईला विचारलं, "मुलगी कितवी शिकली?"

"बी.कॉम. झाली. इंग्लिश मीडियम, पहिलीपासून," आई म्हणाली.

चाचांनी मान हलवली. मग आपल्या मोठ्या मुलीचं सांगितलं. ती नववीत असताना तिकडे मुलींच्या शाळा बंद झाल्या. सहावीपर्यंतच्या उघडल्या, वरच्या उघडल्याच नाहीत. एकदा उघडणार म्हणून जाहीर झालं. ती गणवेश घालून, आईकडून वेण्या घालून घेऊन गेली आणि फाटकावरून परत आली. तेव्हापासून दप्तर भरलेलंच आहे, खुंटीला. आता फोनवर इंग्रजी शिकते, पण बरोबर की चूक सांगायला कुणी नाही.

"एवढंच ना," आई म्हणाली. "ही शिकवेल की."

मी आईकडे पाहिलं. आई रोट्यांकडे पाहत होती.

गल्लीतून परत येताना मी म्हणाले, "मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"नाही."

"म्हणून नाही विचारलं."

पहिला संदेश चाचांच्या मुलीचाच आला, आवाजाचा. "सलाम, मुअल्लिम साहिब." तिकडे शिक्षकाला असंच म्हणतात, शिक्षिका असली तरी साहिबच. पुढचं सगळं हिंदीत होतं, आणि ती हिंदी ऐकून मी पोट धरून हसले. तिने ती टीव्हीवरच्या मालिकांमधून उचलली होती. "मैं आपकी आभारी हूँ" आणि "आप मेरी चिंता मत कीजिए". तिच्या वयाची मुलगी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेल्या सासूसारखी बोलत होती. माझी हिंदी कुवेतची, अर्धी इंग्रजी, अधूनमधून अरबी. पहिले काही आठवडे आम्हाला एकमेकींची हिंदीच शिकावी लागली.

आईला 'साहिब' फार आवडलं. जेवण झालं की ती म्हणायची, "साहेब, भांडी तुमची वाट बघताहेत."

शिकवणं आवाजाच्या संदेशांवरच चालायचं. फोन लावला की तुटायचा. संदेश मात्र वीज आणि नेट आलं की पोचायचे. मी ऑफिसच्या बसमध्ये, जिन्यात, गच्चीवर वाळलेले कपडे काढताना बोलून ठेवायचे. ती सवडीने ऐकायची, उत्तर पाठवायची. एक उतारा, त्यावर प्रश्न, मग थोडं गणित. कॅमेरा कधीच लावला नाही. तिने न लावण्यामागे कारण होतं. मी न लावण्यामागे फक्त माझा स्वभाव होता. पण या पद्धतीत आम्ही दोघी अगदी आरामात होतो. वर्षभर मी तिचा चेहरा पाहिला नाही, तरी ती कधी शेगडीजवळ बसली आहे आणि कधी रजईत, हे मला आवाजावरून कळायचं.

तिला सुईण व्हायचं होतं. ते शिक्षणही मुलींना बंद झालं. त्या दिवशीचा तिचा संदेश नेहमीपेक्षा लहान होता: "आज मला गणित द्या. अवघड द्या."

तिची धाकटी बहीण सहावीत होती. एकदा तिच्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "ती नापास झाली, अल्हम्दुलिल्लाह."

नापास झाली म्हणून देवाचे आभार? मला वाटलं, तिच्या मालिकावाल्या हिंदीत काहीतरी उलटं झालं.

"नाही, नाही," ती म्हणाली. "सहावी पास झाली तर घरी बसेल. म्हणून तिने सगळी उत्तरं चुकवली. वर्गात पहिली यायची ना, त्यामुळे चुकवायला पण अभ्यास करावा लागला. बाईंना कळलं. बाईंनी पण काही न बोलता नापास केलं."

हे मी आईला जेवताना सांगितलं. आईने घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "मोठीला कुठेतरी पोचव. मग धाकटी पास व्हायला घाबरणार नाही."

पोचवायचं ठिकाण तिनेच शोधलं. परदेशातलं एक विद्यापीठ तिच्यासारख्या मुलींना घरबसल्या, फोनवरून शिकवत होतं. आरोग्यशास्त्राची पदवी. बारावीचा दाखला नसला तरी चालेल, पण एक लेखी परीक्षा आणि नंतर इंग्रजीत मुलाखत. लेखी तिने फोनवर दिली आणि चांगली पास झाली. राहिली मुलाखत. ती समोरासमोर व्हायची होती, कॅमेरा लावून. त्याआधी आवाज तपासण्यासाठी स्वतःबद्दल दोन शब्द बोलून पाठवायचे होते.

तिने पाठवले. उत्तर आलं: आवाज ऐकू येत नाही, कृपया पुन्हा पाठवा. तिने पुन्हा पाठवले. पुन्हा तेच उत्तर आलं, आणि खाली एक ओळ होती की मुलाखतीत बोलणं स्पष्ट ऐकू आलं नाही तर प्रवेशाचा विचार करता येणार नाही.

तिने ते बोलणं माझ्याकडे पाठवलं. मी स्वयंपाकघरात ऐकत होते. आई कांदा चिरत होती.

"हे तू कधी बोललीस?" आईने विचारलं.

"मी नाही. ती आहे."

आईने सुरी खाली ठेवली. "पुन्हा लाव."

मी पुन्हा लावलं. आणि मग मलाही ऐकू आलं. वाक्याच्या शेवटी आवाज खाली जाऊन विझायचा, तसा माझा विझतो. मध्येच एक बारीक "हं" होतं, बोलण्यावर पांघरूण घातल्यासारखं. तेही माझंच. तिला दुसरा नमुनाच नव्हता. तिने इंग्रजी माझ्याकडून घेतलं आणि इंग्रजीबरोबर माझं पुटपुटणंही घेतलं, बरोबर उच्चार समजून.

"दोघी मिळून घर फोडायला निघाल्यासारख्या बोलता," आई म्हणाली.

मी तिला कळवलं की मोठ्याने बोलायला हवं. तिचं उत्तर यायला वेळ लागला. मोठ्याने कुठे बोलू, तिने विचारलं. तिकडे आता बाईचा आवाज घराबाहेर ऐकू येणं हाही गुन्हा धरला जातो. त्यांचं अंगण गल्लीला लागून होतं आणि भिंतीपलीकडे वर्दळ होती. तिचे काका वाईट नव्हते, घाबरलेले होते. दारात कुणी चौकशीला आलं तर उत्तर त्यांनाच द्यायचं होतं. मुलगी शिकते हे त्यांना माहीत होतं, ते एवढंच म्हणायचे, "मला ऐकू येऊ देऊ नका." आणि आम्ही दोघींनी वर्षभर तेच तर केलं होतं.

मी एकटीच भट्टीवर गेले. दुपारची वेळ होती, रांग नव्हती. चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही "ऐकू नाही आलं" म्हटलं नाही. आधीच वाकून उभे होते.

ते बराच वेळ कणीक मळत राहिले. मग म्हणाले, "तंदूरखाना."

त्यांच्या घरी अंगणाच्या कोपऱ्यात मातीची एक खोली आहे. जमिनीत पुरलेला तंदूर, जाड भिंती, खिडकी नाही, वर धूर जायला तेवढं भोक. आठवड्यातून ठरावीक दिवशी तंदूर पेटतो आणि घरातल्या बायका एकदम सगळ्या रोट्या भाजतात. त्या वेळी आत पुरुष पाऊल टाकत नाही, घरचा नाही आणि बाहेरचा तर नाहीच. छपरातून धूर निघताना दिसला की गल्लीतले पुरुषही त्या बाजूने वळत नाहीत.

"लहानपणी मी एकदा आत गेलो होतो," चाचा म्हणाले. "आईने लाटणं फेकून मारलं. आणि बघ, आता जन्मभर तेच काम करतोय."

त्यांनी तिथूनच भावाला फोन लावला. फोन खांद्याने कानाशी धरून ते बोलत होते, आणि हात रोट्या थापत होते. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. आधी आवाज लहान भावाचा होता, दबलेला. मध्ये बराच वेळ ते नुसते ऐकत होते. मग काहीतरी म्हणाले, सावकाश, एकेक शब्द वेगळा, आणि हातातली रोटी तशीच राहिली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"हो नाही म्हणाला. नाही पण नाही म्हणाला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, इथे रोज परक्या बायकांना मी सगळ्यांच्या आधी रोटी देतो. माझ्या मुलीच्या वेळेलाच रांग संपत नाही."

तंदूरखान्यातून आवाज बाहेर जात नाही, हे तिने पहिल्याच दिवशी ताडून पाहिलं. तिची आई गल्लीच्या बाजूला उभी राहिली, आत ती पूर्ण जोराने ओरडली, आणि आईला कोंबडीच्या आवाजापलीकडे काही ऐकू आलं नाही. आम्ही सगळे खूश. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की ज्या भिंती आवाज बाहेर जाऊ देत नाहीत, त्या नेटही आत येऊ देत नाहीत. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. चाचांनी कपाळाला हात लावला, तो कणकेचा होता.

यावर उपाय तिनेच काढला. धुराच्या भोकाशेजारी, छपरावर एक दुसरा फोन ठेवायचा, त्याच्यावर नेट घ्यायचं आणि खाली आपल्या फोनला जोडायचं. पण घरात दुसरा चांगला फोन एकच होता, काकांचा. तिने जेवताना मागितला. काका ताटावरून उठून गेले. ती रात्रभर स्वतःला दोष देत राहिली. सकाळी पीठ मळायच्या परातीत काकांचा फोन होता, पूर्ण चार्ज केलेला, आणि वर फडक्यात गुंडाळलेला, धूर लागू नये म्हणून.

तिचा हा संदेश मी ऑफिसच्या बसमध्ये ऐकला. शेजारच्या बाईने विचारलं, काही चांगलं घडलं का. मी हो म्हणाले. आणि तिला सगळं सांगितलंही, जे मी एरवी केलं नसतं.

आता मोठ्याने बोलायला शिकायचं होतं, आणि शिकवणारी मी होते. आमच्या फ्लॅटच्या भिंतीतून शेजारच्यांचं शिंकणंही ऐकू येतं, त्यामुळे तिथे मला जमेना. शेवटी आम्ही एगैलातल्या मॉलमध्ये सामान आणायला गेलो तेव्हा मी गाडीतच थांबले. काचा बंद, एसी चालू. मला वाटलं, हा माझा तंदूरखाना. फोन लावला, छपरावरच्या फोनमुळे तो आता तुटत नव्हता, आणि या वेळी कॅमेराही लावला, कारण तिला सवय व्हायला हवी होती.

वर्षभरानंतर मी तिला पाहिलं. मातीची भिंत, निळी ओढणी, नाकावर काजळी. आणि तिने मला पाहिलं. मग ती म्हणाली, "मुअल्लिम साहिब, मला वाटलं तुम्ही म्हाताऱ्या असाल."

"टेल मी अबाउट युअरसेल्फ," मी म्हणाले.

ती पुटपुटली. मी म्हटलं, मोठ्याने. ती थोडं मोठ्याने पुटपुटली. मी म्हटलं, अजून, आणि माझं "अजून"सुद्धा वाटेतच विझलं. तेवढ्यात आई पिशव्या घेऊन आली, स्टिअरिंगमागे बसली, आणि थोडा वेळ ऐकत राहिली.

"अगो, याला मोठ्याने म्हणतात?" आईने फोन माझ्या हातातून घेतला. "ऐक बाळा," ती हिंदीत म्हणाली, "मी सिस्टर. समोर पेशंट आहे. बहिरा आहे. त्याला तुझी भाषा येत नाही, आणि डॉक्टर लिफ्टमध्ये शिरतोय. आता बोल. पोटातून."

आणि आईने वॉर्डात मारतात तशी हाक मारून दाखवली. गाडीच्या काचा थरथरल्या. पलीकडे तिची आई, जी आतापर्यंत चौकटीबाहेर होती, हसत हसत भिंतीला टेकली.

"आता साहेब करून दाखवतील," आई म्हणाली.

मी केलं. माझं नाव, माझं गाव, मी काय काम करते, हे सगळं मी गाडीत बसून ओरडून सांगितलं. बाजूच्या गाडीत सामान भरणाऱ्या कुटुंबाने वळून पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं. मग ते पुन्हा डिकीत पाण्याच्या बाटल्या भरू लागले. एवढंच झालं. इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होते, ते एवढंच होतं.

फोनमधून तिचा आवाज आला. माझ्यापेक्षा मोठा, स्वच्छ, आणि वाक्याच्या शेवटी न विझलेला. तो मी तिला दिलेला आवाज नव्हता. तो तिचा होता, आणि मी तो पहिल्यांदाच ऐकत होते.

त्याच आवाजात तिने ते दोन शब्द विद्यापीठाला पुन्हा पाठवले आणि मुलाखतीची तारीख मिळाली. मुलाखतीच्या दिवशी मी ऑफिसात होते. बाराव्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून समुद्र आणि मासळी बाजाराचं छप्पर दिसतं. त्या दिवशी मी कितीतरी वेळ छपराकडेच पाहत होते. आई इस्पितळातून सारखे संदेश पाठवत होती: "काही कळलं?" "आत्ता?" "पेशंटला सलाईन लावते आहे, तेवढ्यात कळव." चाचांना मी सकाळीच सांगितलं होतं की मला समजताक्षणी कळवेन. ते म्हणाले होते, "मुलाखत झाली एवढं कळव. निकालाचं आत्ता बोलू नकोस."

तिचा संदेश आला तेव्हा मी जिन्यात गेले आणि फोन कानाला लावला. आणि लगेच दूर केला. ती मोठ्याने बोलत होती. आता तिला दुसरं जमतच नव्हतं.

सगळं नीट झालं होतं. तंदूर पहाटेच पेटवला होता, छपरातून धूर निघताना गल्लीला दिसत होता. तिची आई अधूनमधून एक रोटी थापायची, तेवढंच. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "तू रडते आहेस का?" डोळ्यांतून पाणी वाहत होतं ना तिच्या.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "धूर आहे. मी तंदूरखान्यात बसले आहे. इथे मी मोठ्याने बोलू शकते."

मग बाईंनी विचारलं की आरोग्यशास्त्रच का. तिने सांगितलं की गावात बायकांना पुरुष डॉक्टरकडे नेत नाहीत आणि बाई डॉक्टर उरल्या नाहीत. उद्या या खोलीत रोट्या भाजणाऱ्या बाईला कळा सुरू झाल्या तर कुणाला तरी काहीतरी यायला हवं. बाईंनी पुढे बरंच विचारलं. एका प्रश्नाचं उत्तर तिला आलं नाही. तेव्हा ती "आय डोन्ट नो" म्हणाली, पण तेही मोठ्याने.

"आणि काका?" मी उलट संदेशात विचारलं.

ते पूर्ण वेळ अंगणाच्या बाहेरच्या दारात स्टूल टाकून बसले होते. मशिदीतले दोघे ओळखीचे आले तर त्यांना तिथूनच परतवलं: "आत बायका रोट्या भाजताहेत." खोटं बोलले नाहीत. मुलाखत संपल्यावर पुतणी बाहेर आली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "माझा फोन करपला का?" नंतर संध्याकाळी पहिल्यांदाच तिला विचारलं की तिथे काय काय शिकवतात.

निकाल येईपर्यंत मी भट्टीवर गेले की चाचा विषय काढायचे नाहीत आणि मीही काढायचे नाही. ते रोट्या जरा जास्त भाजायचे. आई म्हणायची, "निकाल लवकर लागू दे बाई, दात राहायचे नाहीत."

तो लागला तेव्हा संध्याकाळ होती, भट्टीची भर गर्दीची वेळ. तिचा संदेश मी घराच्या दारातच ऐकला. प्रवेश मिळाला होता. पहिल्या सत्राचे विषयसुद्धा आले होते, ते तिने एका दमात वाचून दाखवले. मागे धाकटीचा आवाज येत होता. ती विचारत होती की मग मी या वर्षी पास होऊ का. कुणीतरी तिला म्हणालं, हो. शेवटी मोठी म्हणाली, "बाबाजानना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर मी रडेन, मग ते रडतील, आणि लोकांच्या रोट्या जळतील."

मी आईला सांगितलं. तिचे हात पिठात होते. ती म्हणाली, "जा तू. एकटी जा."

रांग पार्क केलेल्या गाड्यांच्याही पुढे गेली होती. मी तिच्या कडेने चालत निघाले. माणसांनी पाहिलं असेल. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. खिडकीपाशी पोचले तेव्हा चाचा पाठमोरे होते. भट्टीत वाकून लोखंडी सळईने रोटी काढत होते, आणि गॅस पूर्ण जोरात घरघरत होता.

"चाचा," मी पोटातून म्हणाले, "मुलीला प्रवेश मिळाला. ती पास झाली."

रांगेतली बोलणी थांबली. चाचांचा हात भट्टीच्या तोंडाशी तसाच थांबला. सळईच्या टोकाला रोटी लटकत होती, कडेने काळी पडत चालली होती. मग त्यांनी ती बाहेर काढली, फळीवर ठेवली, हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि खिडकीशी आले. दाढीवर पीठ होतं आणि डोळे भरले होते. ते नेहमीसारखे वाकले आणि कान पुढे केला.

"ऐकू नाही आलं, बेटी."

त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं. रांगेच्या शेवटच्या माणसालाही ऐकू आलं होतं. मी श्वास घेतला आणि पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.